एक शहर, दोन महामंदिरे

आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर वॉटरफर्ड नावाचे एक जुने बंदर आहे. डब्लिनला जाणारे बहुतेक प्रवासी या शहराची वाट धरत नाहीत. धरली, तरी ते त्याला तेथील चमचमत्या काचसामानासाठी ओळखतात. परंतु ज्याला आयरिश ख्रिस्तसभेचा इतिहास पुस्तकात न वाचता पायांनी चालत वाचावयाचा असेल, त्याने दोन दिवस काढून या शहरात अवश्य जावे. येथे पाच-सात मिनिटांच्या अंतरावर दोन महामंदिरे आहेत. एक प्रोटेस्टंटांचे, दुसरे कॅथोलिकांचे. दोन्ही पवित्र त्रैक्याला वाहिलेली, आणि नवल म्हणजे दोन्ही एकाच माणसाने बांधलेली. ज्या देशात या दोन पंथांमध्ये शतकानुशतके रक्त सांडले, त्या देशात हे घडले कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधत आपण या शहराचा फेरफटका मारू या.

प्रारंभ नदीपासून करावा. नदीचे नाव इंग्रजीत वेगळ्याच अक्षरांनी लिहितात. परंतु त्याचा उच्चार मराठी कानाला ‘शूर’ असाच ऐकू येतो. या शूर नदीच्या मुखातून इ.स. ९१४ च्या सुमारास उत्तरेकडील व्हायकिंग दर्यावर्दी आपल्या लांब नौका घेऊन आत शिरले आणि दक्षिण तीरावर त्यांनी ठाणे वसविले. म्हणूनच वॉटरफर्ड हे आयर्लंडमधील सर्वांत जुने शहर मानले जाते. २०१४ साली त्याला अकराशे वर्षे पूर्ण झाली. जुन्या तटबंदीचा एक तुकडा नदीच्या बाजूला त्रिकोणासारखा पुढे आला आहे. त्याला आज ‘व्हायकिंग त्रिकोण’ म्हणतात आणि शहरातील बहुतेक प्रेक्षणीय स्थळे याच त्रिकोणात एकवटली आहेत. त्याच्या टोकाशी एक गोल दगडी बुरूज उभा आहे. तोच रेजिनाल्ड्स टॉवर. त्याच्या भिंती सुमारे १० फूट जाड आहेत. आजचे बांधकाम बाराव्या-तेराव्या शतकातील असले, तरी नाव मात्र व्हायकिंग सरदाराचेच राहिले आहे. या बुरुजाने किल्ल्याचे काम केले, टाकसाळीचे केले, दारूगोळ्याच्या कोठाराचे केले आणि तुरुंगाचेही केले. आता त्यात व्हायकिंग काळातील वस्तूंचे संग्रहालय आहे.

इ.स. ११७० हे वर्ष आयरिश मनुष्य विसरू शकत नाही. लेन्स्टरचा पदच्युत राजा डर्मट मॅकमरो याने आपले राज्य परत मिळविण्यासाठी समुद्रापलीकडून नॉर्मन सरदारांची मदत मागितली. त्यांचा म्होरक्या रिचर्ड डी क्लेअर ऊर्फ स्ट्राँगबो याने वॉटरफर्ड जिंकले आणि ठरल्याप्रमाणे डर्मटची कन्या ईफा हिच्याशी येथेच विवाह केला. घरच्या भांडणात परक्याला मध्यस्थ म्हणून बोलावले की तो घरच ताब्यात घेतो, हा अनुभव आयर्लंडलाही आला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर ११७१ मध्ये, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री वॉटरफर्डजवळ उतरला. आयरिश भूमीवर पाऊल ठेवणारा तो पहिला इंग्रज राजा. त्यानंतरची साडेसातशे वर्षे आयर्लंडने ते पाऊल सोसले.

वॉटरफर्ड मात्र या राजांच्या कृपेत पुष्कळ काळ सुखाने नांदले. तेथील मध्ययुगीन संग्रहालयात १३७३ साली तयार केलेली सनदांची गुंडाळी जतन केली आहे. ती सुमारे ४ मीटर लांब आहे. शेजारच्या न्यू रॉस बंदराशी जहाजांच्या हक्कावरून तंटा लागला, तेव्हा आपले जुने अधिकार राजाच्या नजरेस आणून देण्यासाठी वॉटरफर्डकरांनी ही सचित्र गुंडाळी सिद्ध केली. कोर्टकचेरीच्या कागदपत्रातही एवढी कला ओतावी, याचे पाहणाऱ्याला कौतुक वाटते. पुढे इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारे दोन तोतये आयर्लंडात आले. लँबर्ट सिम्नेल १४८७ च्या सुमारास आणि पर्किन वॉरबेक १४९५ मध्ये. वॉटरफर्डने दोघांनाही दाद दिली नाही. सातव्या हेन्रीने प्रसन्न होऊन शहराला ‘वॉटरफर्ड अजिंक्य राहिले’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य बहाल केले. त्याचा पुत्र आठवा हेन्री याने १५३६ साली पाठविलेली लाल मखमली टोपीही त्याच संग्रहालयात पाहावयास मिळते.

त्याच काळातील आणखी एक वस्तू प्रोटेस्टंट महामंदिरात आहे. ती पाहून मन गंभीर होते. जेम्स राइस हा पंधराव्या शतकातील धनाढ्य व्यापारी अकरा वेळा शहराचा महापौर झाला. स्पेनमधील संत याकोबाच्या कबरीची, सांतियागो दे कोम्पोस्तेलाची, त्याने दोनदा यात्रा केली. अशा माणसाच्या थडग्यावर भरजरी पोशाखातील ऐटदार मूर्ती असावयास हवी होती. परंतु तेथे कोरले आहे ते कुजणारे प्रेत. त्यावर बेडूक आणि किडे फिरत आहेत. त्या वैभवसंपन्न माणसाला आपल्यामागून येणाऱ्यांना एवढेच सांगावयाचे होते की, आज तुम्ही आहात तसा मी होतो आणि आज मी आहे तसे तुम्ही होणार. राखेच्या बुधवारी आपल्या कपाळावर राख लावताना धर्मगुरू जे स्मरण देतात, तेच येथे दगडात कोरलेले आहे.

ज्या आठव्या हेन्रीने मखमली टोपी पाठविली, त्यानेच रोमशी नाते तोडले. मठ बंद झाले आणि त्यांची मालमत्ता जप्त झाली. पुढे महामंदिर नव्या राजमान्य पंथाकडे गेले. परंतु वॉटरफर्डचे बहुसंख्य लोक जुन्या श्रद्धेला चिकटून राहिले. राजावर निष्ठा आणि पोपमहाशयांवरही निष्ठा, अशी दुहेरी कसरत हे शहर शंभर वर्षे करीत राहिले. ‘लहान रोम’ असे त्याला म्हटले जाई. हा तोल १६४९ मध्ये सुटला. ऑलिव्हर क्रॉमवेल आपले सैन्य घेऊन आयर्लंडमध्ये उतरला. द्रोहेडा आणि वेक्सफर्ड या शहरांतील कत्तलींच्या वार्ता वाऱ्यासारख्या पसरल्या. नोव्हेंबर महिन्यात त्याने वॉटरफर्डला वेढा घातला. थंडी, चिखल आणि रोगराई यांनी त्याचे सैन्य हैराण झाले. डिसेंबरच्या आरंभी त्याला वेढा उठवावा लागला. ब्रीदवाक्य पुन्हा एकदा खरे ठरले, परंतु फार दिवस नव्हे. ऑगस्ट १६५० मध्ये क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन याच्यापुढे भुकेने आणि साथीने खंगलेल्या शहराने दरवाजे उघडले.

शत्रू शहरात येणार हे दिसू लागले तेव्हा महामंदिरात एक गोष्ट गुपचूप पार पडली. तेथे पंधराव्या शतकातील अतिशय मौल्यवान मिस्सावस्त्रे होती. इटलीच्या रेशमी मखमलीत सोन्याची तार विणलेली आणि त्यावर बायबलमधील प्रसंगांचे नाजूक भरतकाम. याजकाने मिस्साच्या वेळी परिधान करावयाचा झगा, त्याच्या सहाय्यकांची वस्त्रे आणि मिरवणुकीत खांद्यावरून घ्यावयाचे घोळदार जामे, असा त्यांचा संच होता. ही वस्त्रे महामंदिरातच लपवून ठेवण्यात आली. लपविणारे हात कोणाचे होते, हे इतिहासाने नोंदविले नाही. पुन्हा चांगले दिवस येतील आणि ही वस्त्रे लेवून कोणी याजक वेदीपाशी उभा राहील, एवढी आशा त्या हातांना खासच असणार. पण ते दिवस त्यांच्या हयातीत आले नाहीत. हळूहळू त्या जागेची आठवणही पुसली गेली.

त्यानंतर आला तो दंडविधानांचा काळ. १६९५ पासून आयरिश संसदेने एकामागून एक कायदे केले. कॅथोलिकाने शाळा चालवू नये, मुलाला शिक्षणासाठी परदेशी पाठवू नये, पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगू नये, जमीन विकत घेऊ नये. १६९७ च्या कायद्याने बिशपांना आणि व्रतस्थ धर्मगुरूंना हद्दपार केले. १७२८ मध्ये मतदानाचा हक्कही काढून घेतला. शहराच्या मुख्य रस्त्यावर प्रार्थनामंदिर बांधण्याची सोय नव्हती. आडगल्लीतील साध्या इमारतीत मिस्सा होई.

छळापूर्वीच देशाबाहेर पडलेल्या पुत्रांनी मात्र मातृभूमीचे नाव राखले. त्यांतला एक म्हणजे ल्यूक वॉडिंग. १५८८ साली वॉटरफर्डच्या व्यापारी घराण्यात त्याचा जन्म झाला. तो फ्रान्सिस्कन झाला, रोमला गेला. तेथे १६२५ साली त्याने आयरिश धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी संत इसिदोर महाविद्यालय स्थापन केले आणि आपल्या संघाचा प्रचंड इतिहास लिहिला. १७ मार्च हा संत पॅट्रिकचा सण आज जगभरच्या ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत आहे, त्याचे श्रेय या विद्वान संन्याशाच्या खटपटीला दिले जाते. तो १६५७ मध्ये रोममध्येच मरण पावला.

व्हायकिंग त्रिकोणातच फ्रान्सिस्कनांच्या जुन्या मठाचे भग्न मंदिर आहे. १२४० साली त्याची स्थापना झाली. लोक त्याला ‘फ्रेंच चर्च’ म्हणतात. याचे कारण मोठे उद्बोधक आहे. १६८५ नंतर फ्रान्सच्या कॅथोलिक राजाने आपल्या प्रोटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य हिरावून घेतले. ह्युगेनॉट म्हणून ओळखले जाणारे हे लोक देशोधडीला लागले. त्यांतले काही वॉटरफर्डला आले आणि शहराने फ्रान्सिस्कनांच्या मंदिराचा एक भाग त्यांना उपासनेसाठी दिला. म्हणजे ज्या काळात आयर्लंडात प्रोटेस्टंट सत्ता कॅथोलिकांना छळत होती, त्याच काळात फ्रान्समध्ये कॅथोलिक सत्ता प्रोटेस्टंटांना छळत होती. आपल्या लोकांवरील अन्यायाची यादी करणाऱ्याने या पडक्या भिंतींपाशी थोडे थांबावे. छळ हा कोणा एका पंथाचा मक्ता नाही, हे येथे समजते.

आणि याच ह्युगेनॉट निर्वासितांच्या कुळातला एक मनुष्य पुढे वॉटरफर्डचा प्रोटेस्टंट बिशप झाला. त्याचे नाव रिचर्ड शेनेव्हिक्स. त्याच्या कारकिर्दीत शहराने जुने महामंदिर पाडून नवे बांधावयाचे ठरविले. १७७३ साली जुन्या भिंती उतरविताना ती विस्मृत मिस्सावस्त्रे सापडली. सव्वाशे वर्षे ती अंधारात पडून होती. कायद्याने ती बिशप शेनेव्हिक्स यांच्या ताब्यातील वस्तू होती. सोन्याची तार वितळवून घेतली असती, तर कोणी विचारले नसते. परंतु त्यांनी ती कॅथोलिक बिशपांच्या स्वाधीन केली. दंडविधाने अद्याप रद्द झाली नव्हती. कॅथोलिक बिशपाला कायद्याने उजळ माथ्याने वावरता येत नव्हते, आणि तरीही राजमान्य पंथाच्या बिशपाने त्यांचा ठेवा त्यांना परत केला. ज्याच्या वाडवडिलांनी परागंदा होण्याचे दुःख भोगले, त्याला दुसऱ्याचे हरवलेले धन ओळखता आले असावे. ही वस्त्रे आज मध्ययुगीन संग्रहालयात मंद प्रकाशात मांडून ठेवली आहेत. उत्तर युरोपात मध्ययुगाच्या अखेरचा एवढा पूर्ण संच दुसरीकडे शिल्लक नाही. वॉटरफर्डमध्ये केवळ एकच स्थळ पाहण्याइतका वेळ असेल, तर हे पाहावे.

नव्या महामंदिराचे काम जॉन रॉबर्ट्स या स्थानिक वास्तुशिल्पकाराला मिळाले. १७७३ ते १७७९ या काळात त्याने ख्राइस्ट चर्च महामंदिर उभे केले. शेजारचा बिशपांचा वाडा त्यानेच पूर्ण केला. रॉबर्ट्स प्रोटेस्टंट होता आणि त्याची पत्नी ह्युगेनॉट कुळातील. १७७८, १७८२ आणि १७९३ च्या कायद्यांनी कॅथोलिकांवरील बंधने एकेक करून सैल झाली. १७९३ साली वॉटरफर्डच्या कॅथोलिकांनी महामंदिर बांधण्यास हात घातला आणि काम सोपविले त्याच जॉन रॉबर्ट्सवर. त्याचे वय त्या वेळी ऐंशीच्या घरात होते. रोज पहाटे सहाला तो कामावर येई. एके दिवशी वेळेचा घोटाळा होऊन तो रात्री तीन वाजताच आला, कामगारांची वाट पाहत अर्धवट मंदिरात बसल्या बसल्या झोपी गेला आणि थंडी बाधून त्यातच वारला, अशी कथा तेथे सांगतात. साल होते १७९६. फ्रेंच चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले. दुसऱ्या पंथाच्या देवळासाठी त्याने आपले अखेरचे दिवस वेचले, एवढे मात्र निर्विवाद आहे.

पवित्र त्रैक्याचे हे महामंदिर आयर्लंडमधील सर्वांत जुने कॅथोलिक महामंदिर होय. बॅरनस्ट्रँड रस्त्यावरील त्याचा दगडी दर्शनी भाग १८९३ मध्ये पूर्ण झाला. बाहेरून ते दुकानांच्या रांगेत दडल्यासारखे दिसते. आत पाऊल टाकताच उंच खांबांची दाटी आणि छतावरून लोंबणारी काचेची दहा झुंबरे डोळ्यांत भरतात. वॉटरफर्डच्या काचकारखान्याने ती १९७९ मध्ये भेट दिली.

या महामंदिरातून बाहेर पडून माउंट सायनकडे जावे. तेथे धन्यवादित एडमंड राइस यांचे चिरविश्रांतिस्थान आहे. किल्केनी परगण्यातील कॅलन गावी १७६२ मध्ये त्यांचा जन्म झाला. १७७९ मध्ये ते चुलत्यांच्या व्यापारात वॉटरफर्डला आले. जहाजांना खाद्यपदार्थ पुरविण्याच्या धंद्यात त्यांनी पुष्कळ पैसा मिळविला. विवाह झाला, परंतु १७८९ मध्ये पत्नीचे निधन झाले. मागे अपंग कन्या राहिली. तिचा सांभाळ करीत असता त्यांचे लक्ष बंदरावर उनाड फिरणाऱ्या गरीब मुलांकडे गेले. दंडविधानांनी या मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना शाळेपासून दूर ठेवले होते. १८०२ साली त्यांनी न्यू स्ट्रीटवरील एका तबेल्यात शाळा सुरू केली. पगारी शिक्षक दांडग्या मुलांना कंटाळून निघून गेले, तरी ते डगमगले नाहीत. माउंट सायनच्या शाळेत त्यांनी मुलांसाठी भाकरीची भट्टी आणि कपडे शिवण्यासाठी शिंप्याचे दुकान काढले. उपाशी आणि उघड्या मुलापुढे अक्षर टिकत नाही, हे त्या व्यापाऱ्याला ठाऊक होते. या कामातूनच ख्रिस्ती बंधूंची संस्था जन्मास आली. १८२० मध्ये सातवे पायस यांनी तिला मान्यता दिली. एकोणिसाव्या शतकातच हे बंधू भारतात आले. कोलकाता, आसनसोल, शिलाँग, दिल्ली आणि गोव्यातील चिखली येथील त्यांच्या शाळांतून शिकलेली माणसे आपल्याही ओळखीत असतील. १९९६ साली दुसरे जॉन पॉल यांनी एडमंड राइस यांना धन्यवादित घोषित केले.

मात्र सत्याचा दुसरा भागही सांगितलाच पाहिजे. २००९ साली आयर्लंडमधील चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. धर्मसंस्थांनी चालविलेल्या मुलांच्या निवासी संस्थांमध्ये विसाव्या शतकात बालकांचा जो छळ झाला, तो त्यात उघड झाला. ख्रिस्ती बंधूंच्या संस्थाही त्यात होत्या. संस्थेने जाहीर क्षमायाचना केली. रस्त्यावरच्या मुलांना कुशीत घेण्यासाठी निघालेल्या संस्थेच्या हातून असे घडावे, याचे दुःख माउंट सायनमध्ये उभे राहिल्यावर अधिकच बोचते. संस्थापकाचे पावित्र्य हा अनुयायांना मिळालेला दाखला नव्हे. ते एक ऋण आहे आणि प्रत्येक पिढीला ते नव्याने फेडावे लागते.

शेवटी पुन्हा व्हायकिंग त्रिकोणाकडे वळून ‘मॉल’ नावाच्या रुंद जुन्या रस्त्यावर यावे. येथील ३३ क्रमांकाच्या घरावर ७ मार्च १८४८ रोजी थॉमस फ्रान्सिस मार या चोवीस वर्षांच्या तरुणाने हिरवा-पांढरा-नारिंगी असा तिरंगा प्रथम फडकविला. त्याचे वडील शहराचे कॅथोलिक महापौर झालेले होते. साठ वर्षांपूर्वी ही गोष्ट कल्पनेबाहेरची होती. देशात त्या वेळी बटाट्याच्या दुष्काळाने माणसे मरत होती. अशा दिवसांतही या तरुणाने केवळ आपल्या लोकांचा झेंडा उभारला नाही. हिरवा रंग कॅथोलिकांचा, नारिंगी प्रोटेस्टंटांचा आणि त्या दोहोंमधील पांढरा शांतीचा. त्याला राजद्रोहाबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेत बदलून त्याला टास्मानियाला पाठविण्यात आले. तेथून तो निसटून अमेरिकेस गेला. त्याचा झेंडा आज आयर्लंडचा राष्ट्रध्वज आहे.

त्याच रस्त्यावर काचसामानाचा कारखाना आहे. १७८३ साली क्वेकर पंथाच्या पेनरोज घराण्याने हा धंदा सुरू केला. १८५१ मध्ये तो बंद पडला, १९४७ मध्ये पुन्हा उभा राहिला. २००९ मध्ये शहराबाहेरचा मोठा कारखाना बंद होऊन शेकडो घरांच्या चुली थंडावल्या. २०१० पासून येथे लहान प्रमाणात काम चालते. तापलेल्या काचेच्या गोळ्यात कारागीर फुंकर घालतो आणि त्यावर चाकाने नक्षी कापतो, ते पाहुण्यांना जवळून पाहता येते. भूक लागली तर ‘ब्ला’ नावाचा पिठाने माखलेला मऊ पाव मागावा. तो ह्युगेनॉटांनी आणला असे सांगतात. २०१३ मध्ये युरोपीय संघाने त्याच्या नावाला संरक्षण दिले. चालण्याची वा सायकलची हौस असलेल्यांसाठी २०१७ पासून जुन्या रेल्वेमार्गावर डंगार्व्हनपर्यंत ४६ किलोमीटरची वाट खुली आहे.

संध्याकाळी बंदराच्या धक्क्यावर बसून दिवसभर पाहिलेले आठवावे. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता हाती आलेले असते. दोन महामंदिरे एका माणसाने बांधली, कारण त्याच्या आधी एका बिशपाने दुसऱ्याची वस्त्रे परत केली होती, आणि त्याच्याही आधी कोणी अनाम हातांनी ती प्रेमाने घडी घालून जपली होती. क्रॉमवेलच्या तोफा वॉटरफर्डच्या इतिहासात आहेत. त्या विसरता येणार नाहीत आणि विसरूही नयेत. परंतु शहर पुन्हा उभे राहिले ते शेनेव्हिक्स, रॉबर्ट्स आणि राइस यांच्यासारख्या माणसांमुळे. आपल्या शेजारी वेगळ्या पंथाची, वेगळ्या धर्माची माणसे राहतात. त्यांची एखादी हरवलेली वस्तू आपल्या घराच्या जुन्या भिंतीत सापडली, तर आपण काय करू, हा प्रश्न मनाशी घेऊनच या शहराचा निरोप घ्यावा.